अमेरिकेत कॉलेजला निघालेल्या मुलांचा विमा: पहिले बिल भरण्याआधी काय तपासावे

अमेरिकेत मुलाला किंवा मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला की उन्हाळा डॉर्मच्या, म्हणजे वसतिगृहाच्या, खरेदीत भराभर सरतो आणि विम्याचा विषय बहुधा पहिल्या सत्राचे बिल हाती पडल्यावरच निघतो. त्या बिलात विद्यापीठाच्या आरोग्य विम्याची रक्कम अनेकदा आपोआप जोडलेली असते. घरच्या पॉलिसीत मुलाचे नाव आधीच असेल, तर ही रक्कम वगळून घेण्यासाठी ‘वेव्हर’चा अर्ज ठरलेल्या मुदतीत भरावा लागतो. मुदत टळली की पैसे परत मिळणे अवघड होते, शिवाय हा अर्ज सहसा दरवर्षी नव्याने करावा लागतो. त्यामुळे सर्वांत आधी ती तारीख शोधून टिपून ठेवावी.

२०१० च्या ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’नुसार आई-वडिलांच्या आरोग्य विम्यात मूल वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत राहू शकते, ते दुसऱ्या राज्यात राहते किंवा स्वतः कमावते, याने काही बिघडत नाही. एवढे वाचून बरेच पालक निश्चिंत होतात, पण तेवढ्याने काम भागत नाही. मूल पॉलिसीत असले, तरी कॉलेजच्या गावातले डॉक्टर त्या पॉलिसीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांच्या यादीत, असतीलच असे नाही. विम्याच्या कार्डावर एचएमओ किंवा ईपीओ अशी अक्षरे असतील, तर नेटवर्कबाहेरचे उपचार तातडीचे प्रसंग सोडल्यास सहसा स्वतःच्या खर्चानेच करावे लागतात. पीपीओ असेल, तर बाहेरच्या डॉक्टरांचाही काही खर्च मिळतो, मात्र आपला वाटा वाढतो. कुटुंब मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर, असेल आणि कॉलेज परराज्यात असेल, तर विशेष काळजी घ्यावी, कारण ते संरक्षण तातडीच्या उपचारांखेरीज साधारणपणे आपल्या राज्यापुरतेच असते.

म्हणून विमा कंपनीला फोन लावून नेमके प्रश्न विचारावेत. कॅम्पसच्या झिप कोडजवळ नेटवर्कमधले साधे डॉक्टर, रुग्णालय, औषधांचे दुकान आणि मानसोपचारतज्ज्ञ कोण आहेत? विद्यार्थी आरोग्य केंद्राचे बिल ही पॉलिसी स्वीकारते का? मुलाला दमा, मधुमेह किंवा नैराश्यासाठी नियमित उपचार लागत असतील, तर ते औषध तिथे कोणत्या दराने मिळेल? मानसोपचाराचा प्रश्न कोणीही संकोचाने गाळू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. घर सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी या मदतीची गरज कधी पडेल, हे आधी सांगता येत नाही.

तातडीच्या प्रसंगांबाबत कायदा बऱ्यापैकी पाठीशी आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘नो सरप्रायझेस अ‍ॅक्ट’मुळे नेटवर्कबाहेरच्या आपत्कालीन विभागात उपचार झाले, तरी रुग्णाकडून नेटवर्कमधल्या दरापेक्षा जास्त वाटा घेता येत नाही. रस्त्यावरची रुग्णवाहिका मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे तिचे बिल वेगळे आणि मोठे येऊ शकते.

विद्यापीठाची योजना घ्यायची की घरची ठेवायची, हे ठरवताना केवळ हप्त्यांची तुलना करून चालत नाही. नोकरीतून मिळणाऱ्या ‘फॅमिली’ प्रकारच्या विम्यात दोन मुले असतील आणि एकाचे नाव काढले, तरी हप्ता बऱ्याचदा तेवढाच राहतो. म्हणजे काढून काहीच वाचत नाही. उलट घरच्या विम्याचे डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम, मोठे असेल आणि कॅम्पसजवळ नेटवर्क विरळ असेल, तर विद्यापीठाची योजना महाग दिसली तरी तीच घेणे शहाणपणाचे ठरते. विद्यापीठ ‘आरोग्य शुल्क’ म्हणून जी वेगळी रक्कम घेते, ती म्हणजे विमा नव्हे. तिच्यातून सहसा कॅम्पसवरच्या केंद्रातली साधी तपासणी तेवढी होते.

मूल १८ वर्षांचे झाले की, हप्ता आपण भरत असलो तरी, वैद्यकीय माहिती गोपनीय ठेवणाऱ्या १९९६ च्या ‘हिपा’ कायद्यामुळे त्याची वैद्यकीय माहिती मागण्याचा आपला हक्क आपोआप राहत नाही. त्यासाठी मुलाने दोन कागदांवर सह्या कराव्यात: माहिती देण्याची परवानगी आणि, ते स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हा, त्याच्या वतीने कोणी ठरवायचे याचे अधिकारपत्र. या अधिकारपत्राचे नमुने राज्यागणिक बदलतात, त्यामुळे कॉलेज परराज्यात असल्यास दोन्ही राज्यांचे नमुने भरून घेणे बरे. उपचारांच्या खर्चाचे विवरण पॉलिसीधारकाच्या, म्हणजे बहुधा आपल्याच पत्त्यावर येते, हेही मुलाला आधीच सांगावे. ते विवरण घरी पोहोचेल या भीतीने त्याने डॉक्टरांकडे जाणेच टाळले, तर सगळा विमा असून नसल्यासारखा होईल. हवे असल्यास आपली कागदपत्रे वेगळ्या पत्त्यावर पाठवा, अशी विनंती मूल विमा कंपनीला करू शकते.

डॉर्ममधल्या सामानाला घरमालकाच्या किंवा भाडेकरूच्या विम्याचे संरक्षण बहुधा मिळते, पण अनेक पॉलिसींत ते घरातल्या एकूण सामानाच्या संरक्षणाच्या १० टक्क्यांपुरते असते. घरच्या सामानाला १,००,००० डॉलरचे संरक्षण असेल, तर डॉर्ममध्ये १०,००० डॉलर. त्यातही १,२०० डॉलरचा लॅपटॉप चोरीला गेला आणि डिडक्टिबल १,००० डॉलर असले, तर जेमतेम २०० डॉलर हाती येतात, आणि पॉलिसी घसारा वजा करून पैसे देणारी असेल तर कदाचित तेवढेही नाहीत. अशा वेळी कमी डिडक्टिबलचा विद्यार्थी-सामान विमा पाहावा. मूल कॅम्पसबाहेर भाड्याच्या खोलीत राहणार असेल, तर त्याच्या नावावर स्वतंत्र भाडेकरू विमा घ्यावा. रूममेटच्या पॉलिसीत आपल्या मुलाचे सामान सहसा धरले जात नाही.

गाडीचा मुद्दा त्या मानाने सोपा आहे. मूल गाडी न नेता १०० मैलांपेक्षा दूर जात असेल, तर अनेक कंपन्या सवलत देतात. सुट्टीत घरी येऊन ते गाडी चालवणार असेल, तर त्याचे नाव पॉलिसीतून काढू नये. गाडी सोबत जाणार असेल, तर ती रात्री कुठे उभी राहते तो पत्ता कंपनीला कळवणे आवश्यक आहे. सरासरी ‘बी’ किंवा त्याहून चांगली श्रेणी असल्यास मिळणाऱ्या सवलतीसाठी गुणपत्रक पाठवावे लागते.

आजारपणामुळे सत्र अर्ध्यावर सोडावे लागले, तर फी परत मिळवून देणारा शिक्षण शुल्क विमाही उपलब्ध असतो. तो घेण्यापूर्वी विद्यापीठाचे स्वतःचे परताव्याचे नियम आणि मानसिक आजारांबाबतच्या अटी वाचून घ्याव्यात. हा विमा सहसा वर्ग सुरू होण्याआधीच घ्यावा लागतो, त्यामुळे त्याचा निर्णयही वेव्हरच्या अर्जाबरोबरच उरकावा.