बीबीए/बीएमएस करायचंय, मुंबई युनिव्हर्सिटी की पुणे युनिव्हर्सिटी? कसं ठरवायचं ते सांगते

बारावीचा निकाल जवळ आला की नात्यातल्या, ओळखीतल्या पोरांचे मेसेज सुरू होतात, ताई मुंबईचं बीएमएस घेऊ की पुण्याचं बीबीए (दोन्ही बारावीनंतरच्या मॅनेजमेंटच्या डिग्र्या), आणि मी प्रत्येकाला आधी हेच विचारते की कॉलेज कुठलं मिळतंय? कारण मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पुण्याचं म्हणजे आताचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ चं, दोन्ही सरकारी, दोन्हीला शेकडो कॉलेजं जोडलेली, डिग्री दोन्हीकडची सगळीकडे चालते. पुढे एमबीएच्या प्रवेशासाठी कॅट किंवा राज्याची सीईटी (प्रवेश परीक्षा) देताना कोणी विचारत नाही की तुम्ही कुठल्या विद्यापीठाचे. फरक पडतो तो कॉलेजने, शहराने आणि घरच्या बजेटने. युनिव्हर्सिटीच्या नावावरून घरात वाद घालण्यात आठवडा घालवू नका, तो आठवडा या तीन गोष्टी बघण्यात घालवा.

सगळ्यात आधी कॉलेज खरंच त्या युनिव्हर्सिटीचं आहे का ते बघा. हसू नका, इथे भलेभले पालक गोंधळतात. मुंबईतली एचआर आणि केसी ही कॉलेजं २०२० पासून एचएसएनसी युनिव्हर्सिटीत आहेत, सिडनहॅम २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात, म्हणजे ही कॉलेजं उत्तम असली तरी आता मुंबई युनिव्हर्सिटीची नाहीत. विलेपार्ल्याचं एनएम कॉलेज मुंबई युनिव्हर्सिटीचं, पण एनएमआयएमएस हे वेगळं अभिमत विद्यापीठ (म्हणजे स्वतःची डिग्री स्वतः देणारी संस्था), फी पण वेगळी आणि ॲडमिशनची परीक्षा पण वेगळी. पुण्यात सिम्बायोसिसचं तेच, सेनापती बापट रोडचं आर्ट्स कॉमर्स कॉलेज पुणे युनिव्हर्सिटीला जोडलेलं आणि बाकी सिम्बायोसिस इंटरनॅशनल हे अभिमत विद्यापीठ. दोन्हीच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे त्यामुळे नुसतं नाव ऐकून फॉर्म भरू नका.

मग डिग्रीचं नाव नीट वाचा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आणि त्यांच्यासाठी राज्याच्या सीईटी सेलची वेगळी सीईटी आणि कॅप राउंड (एकत्रित प्रवेश फेऱ्या) सुरू झाले. पहिल्या वर्षी कित्येक पोरांना अशी सीईटी असते हेच माहीत नव्हतं, भरपूर जागा रिकाम्या राहिल्या आणि जादाची सीईटी घ्यावी लागली. त्याच वेळी मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केलं, त्याला सीईटी लागत नाही, बारावीच्या मार्कांवर मेरिट लागतं. म्हणजे तुम्ही सीईटी दिली नसेल किंवा मार्क कमी पडले असतील तर मुंबईत हा दरवाजा अजून उघडा आहे, फक्त युनिव्हर्सिटीचा प्री-ॲडमिशनचा ऑनलाइन फॉर्म वेळेत भरा, तो राहिला तर कॉलेजचा फॉर्म भरून उपयोग नाही. आणि सीईटी मात्र द्याच, निगेटिव्ह मार्किंग नाही, इंग्लिश आणि रीझनिंगवर भर असतो, थोडा सराव केला तरी जमते. सीईटी दिलेली असेल तर दोन्ही शहरांचे पर्याय हातात राहतात.

आता शहर. माझ्या मते खरा निर्णय इथे होतो कारण बीबीएच्या पोराला पुस्तकातून जेवढं कळतं त्याच्या दुप्पट इंटर्नशिपमधून कळतं आणि इंटर्नशिप त्या शहरात जे चालतं त्याचीच मिळते. फायनान्समध्ये जायचं असेल तर मुंबई घ्या, आरबीआय, सेबी, बीएसई, एनएसई, मोठ्या बँकांची हेडऑफिसं, म्युच्युअल फंडवाले सगळे तिथे, फोर्ट, बीकेसी, लोअर परळ. जाहिरात, मीडिया, ब्रँडचं काम पण मुंबईतच जास्त. पुणं कारखान्यांवर आणि आयटीवर चालतं, पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीत बजाज ऑटो, मुंढव्याला भारत फोर्ज, चाकणला तर त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडर कंपन्यांची रांगच, शिवाय हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याच्या आयटी कंपन्या. त्यामुळे एचआर (मनुष्यबळ), ऑपरेशन्स, परचेस, सप्लाय चेन यात ज्याला रस आहे त्याला पुण्यात शॉप फ्लोअर, म्हणजे कारखान्यातलं प्रत्यक्ष काम, बघायला मिळतो. लॉजिस्टिक्सवाल्यांनी मुंबई युनिव्हर्सिटीचा नकाशा जरूर बघावा, तिची हद्द ठाणे, पालघर, रायगडपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गपर्यंत आहे, म्हणजे भिवंडीची गोडाऊनं आणि उरणचं जेएनपीए बंदर दोन्ही त्यात येतात. तसंच पुणे युनिव्हर्सिटीत नाशिक आणि अहिल्यानगर पण येतात, नाशिकच्या पोराला घरचं जेवण जेवून तीच डिग्री मिळते, सातपूर-अंबड एमआयडीसी पण शेजारीच. उगाच मोठ्या शहराच्या नावाखाली कर्ज काढू नका.

कर्जावरून आठवलं, फीपेक्षा राहण्याचा खर्च जास्त होतो हे पालकांना फार उशिरा कळतं. पुण्यात कॉट बेसिसवर (शेअर खोलीत एका कॉटचं भाडं) जागा आणि महिन्याची मेस असं गणित असतं, सदाशिव पेठ, नवी पेठेत एमपीएससीवाल्यांची गर्दी असल्याने भाडं चढं. आणि पुण्यात सहा महिन्यांत पोरगा टू-व्हीलर मागणारच, ती आणि पेट्रोल आधीच धरा. मुंबईत पीजी महाग पण लोकलचा पास विद्यार्थ्यांना कन्सेशनमध्ये मिळतो, तो फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातूनच घ्यायचा. डोंबिवलीला मावशीकडे राहून चर्चगेटचं कॉलेज करू असं ठरवताना सकाळी सातचं लेक्चर असेल तर मुलगी किती वाजता घरातून निघणार हे त्या वेळेला स्वतः एकदा जाऊन बघा, कागदावर हिशोब करून कळत नाही. डोंबिवली-ठाण्याच्या कॉलेजात डिग्री मुंबई युनिव्हर्सिटीचीच मिळते, आणि वाचलेले रोजचे तीन तास अभ्यासाला, एखाद्या पार्ट टाइम कामाला येतात.

स्कॉलरशिप घ्यायची असेल तर कॅपमधून मिळालेली सीट घ्या. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटला फी-सवलत मिळत नाही. मुलींसाठी २०२४ च्या जुलैत राज्य सरकारने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा), ओबीसीतल्या आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नवाल्या घरांना प्रोफेशनल कोर्सची फी माफ केली, पण तुमचा कोर्स आणि तुमचं कॉलेज महाडीबीटीच्या (सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलच्या) यादीत आहे का ते पैसे भरायच्या आधी ऑफिसात विचारा, त्यांनी हो म्हटलं की पोर्टलवर स्वतः शोधून पण बघा.

मुंबईतल्या नावाजलेल्या कॉलेजांबद्दल अजून एक, त्यातली बरीच मायनॉरिटी आहेत, कुठे गुजराती भाषिक, कुठे सिंधी, कुठे ख्रिश्चन, तिथे साधारण निम्म्या जागा त्या समाजाला राखीव असतात, शिवाय इनहाऊस कोटा (त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजच्या पोरांसाठी). त्यामुळे ओपन मेरिट लिस्ट बघून घाबरू नका आणि एकाच कॉलेजवर अडूनही बसू नका. झेवियर्स, जयहिंद, मिठीबाई, एनएम ही ऑटोनॉमस आहेत, म्हणजे सिलॅबस, पेपर, निकाल त्यांचे, डिग्री मुंबई युनिव्हर्सिटीची. पुण्यात बीएमसीसीसारखी १९४३ पासूनची कॉमर्सची कॉलेजं आहेत. मला विचाराल तर मार्क सारखे असतील तेव्हा ऑटोनॉमस कॉलेजला झुकतं माप द्या, निकाल वेळेवर लागतात. २०१७ ला मुंबई युनिव्हर्सिटीने सगळे पेपर ऑनस्क्रीन (कॉम्प्युटरवर) तपासायचं ठरवलं आणि निकाल महिनोन्महिने रखडले, परदेशी जाणाऱ्या पोरांचे किती हाल झाले ते विसरता येत नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये कमी वेळ घालवा आणि कॅन्टीनमध्ये टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) पोरांजवळ जास्त. त्यांना इंटर्नशिपचं सर्टिफिकेट दाखवायला सांगा, कंपनी कुठली, काम काय केलं, एक्सेलमध्ये एंट्र्या मारल्या की क्लायंटसमोर बसवलं. प्लेसमेंटच्या पोस्टरवर जे हसरे फोटो असतात त्यातले बीबीएचे किती आणि त्याच संस्थेच्या एमबीएचे किती हे सरळ विचारा, बऱ्याच ठिकाणी सरमिसळ असते. लेक्चरला पर्मनंट शिक्षक आहेत की तासावर येणारे, ॲटेंडन्स ७५ टक्के खरोखर लागते का, चौथं वर्ष म्हणजे ऑनर्स त्याच कॉलेजात चालू आहे का (नवीन धोरणात तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, पण चौथं करायचं असेल तर कॉलेज बदलावं लागू नये), हे सगळं विचारा. गावाकडून मराठी मीडियमचा मुलगा असेल तर एखाद्या लेक्चरला मागे बसू द्याल का असंही विचारून बघा, इंग्रजी अवघड असलं तरी सहा महिन्यांत कान तयार होतो, पण शिक्षक थांबून समजावतो का हे त्याला स्वतःला दिसलं पाहिजे.

सीए करायचं पक्कं असेल तर मात्र बीबीएच्या फंदात पडू नका, साधं बीकॉम घ्या, प्रोजेक्ट आणि प्रेझेंटेशनमध्ये सीएच्या फाउंडेशन-इंटर परीक्षांचा अभ्यास होत नाही.

फॉर्म भरताना दोन्हीकडे भरा. सीबीएसई, आयएससी (आयसीएसई बोर्डाची बारावी) वाल्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेट आधीच मागवून ठेवा, बाकी डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी ज्याचं जे असेल ते, कारण जूनमध्ये सगळीकडे रांगा लागतात. आणि ओरिजिनल एलसी (शाळा/कॉलेज सोडल्याचा दाखला) एका कॉलेजात जमा करायच्या आधी ॲडमिशन रद्द केली तर कधीपर्यंत किती पैसे परत मिळतात ते लेखी मागा, तोंडी सांगितलेलं पुढच्या आठवड्यात काउंटरवर दुसराच माणूस बसला की चालत नाही.