घर बदललं? मग मतदार यादीतलं नावही हलवा

नौपाड्यातून ऐरोलीला आले तेव्हा गॅसचा पत्ता आठवड्यात बदलला, मतदार यादीचं मात्र राहूनच गेलं. तुम्ही असं करू नका.

फॉर्म ६ पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांचा; घर बदललं असेल तर फॉर्म ८. तो मतदार पोर्टलवर किंवा बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) भरा. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार जोडा.

नंतर यादी स्वतः तपासा. नुसतं कार्ड असून भागत नाही, यादीत नाव लागतं. नाव असेल तर कार्डाऐवजी आधार किंवा पासपोर्टही चालतो. जर्मनीत राहण्याचा पत्ता नोंदवला की नागरिकाचं नाव आपोआप यादीत जातं. आपल्याकडे अर्ज आपणच करायचा. अडलात तर १९५० वर फोन लावा.