इम्प्लांट बसवल्यानंतर: पंप चालवायला शिकताना

ताठरता येत नसेल तेव्हा लिंगात फुगवता येणारा इम्प्लांट बसवायची शस्त्रक्रिया साधारण तासा-दीड तासात उरकते. तो हाताळायला शिकण्यात मात्र पुढचा महिना-दोन महिने जातो. यातली बरीचशी अडचण बोटांची असते, आणि ती सरावाने सुटते. उरलेली अडचण पहिल्या सहा आठवड्यांत काय सांभाळलं आणि काय नाही, यातून येते. ती मागाहून दुरुस्त करणं जड जातं.

आत नेमकं काय आहे ते आधी पाहू. सर्वांत जास्त वापरला जातो तो तीन भागांचा इम्प्लांट. ‘एएमएस ७००’ आणि ‘टायटन’ ही त्याची दोन नावाजलेली मॉडेल. लिंगात दोन्ही बाजूंना एकेक लांब सिलिंडर असतो, ओटीपोटात सलाइनची छोटी टाकी असते आणि अंडकोशात, दोन वृषणांच्या मध्ये किंवा जरा पुढे, पंप असतो. पंपाचा खालचा भाग मऊ, दाबता येणारा फुगा असतो. वरचा भाग कडक असून द्रव परत सोडायचं बटण त्यावरच असतं. ‘एएमएस’मध्ये ते उंचवट्यासारखं हाताला लागतं, ‘टायटन’मध्ये दोन बाजूंच्या चपट्या जागा चिमटीत धराव्या लागतात. फुगा दाबला की टाकीतलं सलाइन सिलिंडरमध्ये जातं, बटण दाबलं की परत येतं. बस, एवढंच.

दोन भागांच्या इम्प्लांटला वेगळी टाकी नसते. तो रिकामा करायला लिंग खाली वाकवून काही सेकंद धरावं लागतं. आणि आपल्याकडे अनेकांना खर्चामुळे न फुगणारा, अर्धकडक इम्प्लांट बसवलेला असतो, जसा मुंबईचे डॉ. रूपीन शहा यांनी विकसित केलेला शहा इम्प्लांट. त्यात पंपच नसतो, त्यामुळे पुढचं पंपाविषयीचं काही त्याला लागू नाही. तुमच्या शरीरात कोणतं मॉडेल आहे हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. ‘एक इम्प्लांट बसवलाय’ एवढ्या माहितीवर दुसऱ्या डॉक्टरला मदत करता येत नाही.

पहिले सहा आठवडे

शरीर परक्या वस्तूभोवती स्वतःचं पातळ, चिवट आवरण तयार करतं. सिलिंडर, पंप, टाकी या तिन्हींभोवती ते सुरुवातीच्या काही आठवड्यांत घट्ट होतं. त्या काळात जो भाग जिथे आणि जेवढा असेल, तसाच त्याचा कप्पा बनतो. डॉक्टरांच्या बहुतेक सूचना यासाठीच असतात, पण हे कारण सहसा कोणी सांगत नाही. मग सूचना जाचक वाटतात आणि दुखणं कमी झालं की सोडून दिल्या जातात.

लिंग बेंबीच्या दिशेला वर ठेवून घट्ट अंडरवेअर घाला. खाली लोंबू दिलं तर ते खालच्या बाजूला वाकलेल्या स्थितीत बरं होऊ शकतं. सूज आणि काळंनिळेपणा पहिल्या आठवड्यात भरपूर असतो, अंडकोश संत्र्याएवढा दिसला तरी ते बहुधा नेहमीचंच असतं. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून एका वेळी १५-२० मिनिटं ठेवायची, थेट कातडीवर नाही.

टाकी या काळात भरलेली, म्हणजे लिंग रिकामं असायला हवं. डॉक्टर सुरुवातीला, रक्तस्राव रोखण्यासाठी, सिलिंडर थोडे फुगलेले ठेवतात, पण ते एखाद-दोन दिवसांपुरतं. पुढे टाकी अर्धवट रिकामी राहिली तर तिच्याभोवतीचा कप्पा लहान होतो, ती पूर्ण भरू शकत नाही आणि नंतर लिंग आपोआप फुगायला लागतं.

पंप खाली ओढण्याचा व्यायाम सर्वांत जास्त टाळला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. डॉक्टरांनी दिवस सांगितल्यावर (कोणी पहिल्याच आठवड्यात सांगतात, कोणी दुसऱ्या) आंघोळीच्या वेळी कोमट पाण्याने अंडकोश सैल होऊ द्या. अंगठा आणि दोन बोटांनी पंप अलगद पकडा आणि तळाकडे अर्धा मिनिट ओढून धरा. दिवसातून दोनदा. दाबायचं नाही, फक्त ओढायचं. हे केलं नाही तर पंप वर, लिंगाच्या मुळाशी जाऊन चिकटतो. मग तो ना धड सापडतो, ना चिमटीत येतो.

चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन सहा आठवडे उचलू नका. भरलेली बादली आणि नातू, दोन्ही यात आले. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने पोटातला दाब टाकीवर येतो. सायकल आणि दुचाकी डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

पहिल्यांदा फुगवताना

साधारण तीन ते सहा आठवड्यांनी डॉक्टर पहिल्यांदा पंप चालवून दाखवतात. घरून निघताना वेदनाशामक गोळी घ्या. तिथे डॉक्टरांनी करून दाखवलं एवढ्यावर उठू नका. त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने निदान दोन-तीन वेळा फुगवा आणि रिकामं करा. पत्नी किंवा जोडीदार सोबत असेल तर त्यांनाही शिकू द्या. हातांना मुंग्या येणाऱ्या मधुमेहींना आणि संधिवाताच्या रुग्णांना दुसऱ्याच्या बोटांची मदत खरोखर लागते.

घरी सराव करताना गरम पाण्याचा शॉवर घेऊन, पण अंग पुसून, उभं राहा. थंडीत अंडकोश आखडतो आणि पंप वर सरकतो. साबणाचा हात असेल तर पंप मासोळीसारखा निसटतो, तेव्हा कोरडा सुती रुमाल किंवा गॉज वापरा.

एका हाताने पंपाचा वरचा कडक भाग स्थिर धरा. दुसऱ्या हाताचा अंगठा एका बाजूला आणि तर्जनी-मधलं बोट दुसऱ्या बाजूला ठेवून खालचा फुगा दाबा. पहिला दाब घट्ट लागतो, कारण नको तेव्हा लिंग फुगू नये म्हणून आत कुलूपवजा झडप असते. ती उघडेपर्यंत नेटाने दाबायचं. ‘पंप बिघडला’ म्हणून परत येणाऱ्या बऱ्याच जणांचा पंप ठणठणीत असतो, पहिला दाब कमी पडलेला असतो. झडप सुटली की पुढचे दाब सोपे जातात.

प्रत्येक दाबानंतर फुगा पूर्ण भरू द्या. एक-दोन सेकंद लागतात. घाईने अर्धवट भरलेला फुगा दाबत राहिलात तर बोटं दुखतात आणि लिंग जेमतेम फुगतं. साधारण दहा ते वीस दाब लागतात, सिलिंडरच्या लांबीनुसार कमी-जास्त. कोणाशी तुलना करू नका. फुगाच कडक होऊन दबेनासा झाला की सिलिंडर पूर्ण भरले. सुरुवातीला तिथपर्यंत पोहोचायची गरज नाही. ताण जाणवेल, पण कळ निघेल तिथे थांबा आणि दर आठवड्याला थोडं पुढे जा.

रिकामं करताना बटण दोन ते चार सेकंद दाबा आणि सोडून द्या. नव्या मॉडेलमध्ये ते धरून ठेवावं लागत नाही. जुन्या काही मॉडेलमध्ये मात्र द्रव परत जाईपर्यंत दाबून धरावं लागायचं, ती सवय असलेले लोक उगाच बोटं शिणवतात. त्यानंतर दोन्ही तळव्यांमध्ये लिंग धरून टोकाकडून मुळाकडे हळूहळू दाबत न्या, म्हणजे उरलेलं सलाइन टाकीत जाईल. हा टप्पा अनेकजण गाळतात. लिंग पूर्वीसारखं अगदी लिबलिबीत होणार नाही, थोडा भरीवपणा राहतोच.

सुरुवातीचे काही महिने दिवसातून एक-दोनदा हा सराव हवा: फुगवा, १०-१५ मिनिटं तसंच ठेवा, पूर्ण रिकामं करा. यामुळे आवरण सैल राहतं. फुगलेल्या स्थितीत झोपू नका.

अडलं तर

पंप दाबताना बोटं वर घसरून बटणावर गेली की जेवढं भरता तेवढं परत येतं. लिंग फुगतं, पण टिकत नाही, अशी तक्रार असेल तर आधी बोटांची जागा तपासा. फुग्याला खळगा पडून तो चपटाच राहिला असेल तर बटण काही सेकंद दाबून सोडा, मग खळग्याच्या आडव्या दिशेने फुगा दाबून पाहा. तरी भरला नाही तर जोर लावत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

आपोआप थोडं फुगणं पहिल्या महिन्यांत होतं. जिना चढताना किंवा खाली वाकून वस्तू उचलताना पोटाचा दाब टाकीवर येतो. पुन्हा नीट, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामं करत राहिलं की बहुधा कमी होतं. महिन्यागणिक वाढत असेल तर दाखवा.

रिकामं होतच नसेल तर घाबरू नका. इथे लिंगात रक्त अडकून बसलेलं नसतं, त्यामुळे औषधाने आलेल्या तासन्‌तासाच्या ताठरतेसारखी ही आणीबाणी नव्हे. बटणाची जागा चुकत असण्याची शक्यता जास्त असते. तरी त्याच दिवशी फोन करा. एक गोष्ट मात्र कायमची लक्षात ठेवा: इम्प्लांट बसल्यावर ताठरतेची इंजेक्शनं लिंगात कधीही घ्यायची नाहीत. सुईने सिलिंडर फुटतो.

दुखणं कमी होत आलेलं असताना पुन्हा वाढू लागणं, लाली, ताप, जखमेतून पाणी किंवा पू, किंवा पंप कातडीला आतून चिकटल्यासारखा वाटणं: ही संसर्गाची चिन्हं आहेत. अशा वेळी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक सुरू करून चार दिवस वाट पाहू नका, कारण लवकर गेलं तर इम्प्लांट वाचण्याची किंवा लगेच बदलता येण्याची शक्यता राहते. मधुमेहींनी साखर आटोक्यात ठेवणं इथे सगळ्यात जास्त कामाला येतं. लिंगाच्या टोकापाशी कातडी पातळ होऊन आतलं काही टोचू लागलं तरीही तातडीने दाखवा.

काही वर्षांनी पंप दाबताना फुगा रिकामाच वाटला आणि लिंग फुगेनासं झालं, तर कुठेतरी गळती आहे. बाहेर आलेलं सलाइन शरीर शोषून घेतं, त्याने अपाय होत नाही. पण भाग बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

संबंध

साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावर. पूर्ण फुगवूनच सुरुवात करा. अर्धवट फुगलेला सिलिंडर मध्येच दुमडतो आणि त्या घडीवर झिजतो. पाण्याच्या आधाराचं जेल भरपूर वापरा. खोबरेल तेल कंडोमसोबत चालत नाही, लेटेक्स त्याने कमजोर होतं. कंडोमची गरज इम्प्लांटमुळे संपत नाही.

लिंगाचं टोक फुगत नाही, ते मऊ आणि कधीकधी थंड लागतं. सिलिंडर तिथपर्यंत जातच नाहीत. लांबी तरुणपणीच्या ताठरतेपेक्षा कमी वाटू शकते. स्पर्शाची जाणीव, परमोच्च क्षण आणि वीर्यपतन हे शस्त्रक्रियेआधी जसं होतं तसंच राहतं. प्रोस्टेट काढलेल्यांना वीर्य येत नाही, त्यात फरक पडत नाही. इच्छा हा इम्प्लांटचा विषय नाही. ती कमी असेल तर वेगळी तपासणी करून घ्या.

कार्ड जवळ ठेवा

मॉडेल आणि सिरीयल क्रमांकाचं कार्ड पाकिटात असू द्या, मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा. एमआरआयआधी ते दाखवायचं. सध्याच्या बहुतेक मॉडेलचं एमआरआय ठरावीक अटींवर करता येतं, पण त्या अटी मॉडेल पाहूनच ठरतात. पुढे कधी हर्नियाची किंवा ओटीपोटातली दुसरी शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनला टाकीची जागा आधी सांगा, नाहीतर चाकू तिथेच लागेल.

लघवीची नळी घालायची वेळ आली तर लिंग आधी पूर्ण रिकामं करावं लागतं. भरलेल्या सिलिंडरवरून नळी रेटली तर मूत्रमार्गाला इजा होऊ शकते. तुम्ही शुद्धीवर असाल तर सांगाल. अपघातात किंवा भूल दिलेली असताना सांगणार कोण, म्हणून घरातल्या निदान एका माणसाला इम्प्लांटबद्दल माहीत असू द्या, आणि बटण कुठे आहे तेही दाखवून ठेवा.