ऑफिसात ज्याच्याशी वाजलंय त्याच्याशी बोलायचं कसं

कंपनीच्या स्ट्रेस मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगला कधी बसलात का? एसी हॉल, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली अन् पॅड, आणि स्टेजवरून सर सांगतात, डोळे मिटा, समुद्रकिनारा आठवा. आता नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या पोट्ट्यांनी समुद्र आणायचा कुठून, ते बिचारे फुटाळा तलाव आठवतात आणि दोन मिनिटांत घोरायला लागतात. सोमवारी गेटमधून आत शिरलं की स्टोअरवाल्याचं तेच तोंड, प्लॅनिंगच्या मॅडमचा तोच सगळ्यांना सीसी टाकलेला मेल, आणि छातीत तीच धडधड.

मी आधी बारा वर्षं डिस्पॅच, म्हणजे माल बाहेर पाठवायचं खातं, सांभाळलं, आता सात-आठ वर्षं झाली वेगवेगळ्या प्लांटमध्ये सुपरवायझर लोकांच्या बॅचेस घेतो, म्हणजे स्टेजवर मीही असतो, फक्त समुद्र आणत नाही. इतक्या बॅचेस करून मला एवढं कळलं की लोकं "कामाचं टेन्शन" म्हणून जे सांगतात त्यात बऱ्याचदा एका ठरावीक माणसाशी न झालेलं बोलणं असतं. ते करायचं कसं, तेवढंच सांगतो.

आधी बघा की बोलून सुटणारी गोष्ट आहे का. काम तीन माणसांचं आणि माणूस एकच असेल तर तुम्ही कितीही गोड बोला, काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणाच्या यादीत बर्नआउट, म्हणजे कामानं पार थकून रिकामं होणं, घेतलं ते आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणचा ताण लांबत गेला आणि कुणी नीट हाताळला नाही त्याचा परिणाम म्हणून. तेव्हा अशा वेळी वरच्या साहेबाकडं माणूस मागा, श्वास मोजत बसू नका. आणि प्रकार अंगचटीला येण्याचा किंवा घाणेरडं बोलण्याचा असेल तर ताई, हा लेख इथंच सोडा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती असायलाच पाहिजे, तिथं तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या. "समजुतीनं घ्या ना" म्हणणाऱ्या एचआरचं अजिबात ऐकू नका.

जागा आणि वेळ. चहाच्या टपरीवर नको, तिथं अर्धा प्लांट कान लावून उभा असतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच नाही. शिफ्ट सुटताना नको. मे महिन्यात दुपारी नको, बाहेर पंचेचाळीस डिग्री अन् आत कूलर नुसता दमट वारा फेकून राहिला, अशात देवमाणूसही भांडतो. सकाळी दहाच्या आसपास, चालता चालता, गेटपासून वजनकाट्यापर्यंत गेलात तर बेस्ट. बाजूबाजूनं चालताना डोळ्यात डोळे घालावे लागत नाहीत, जड गोष्ट निघते तोंडातून.

जायच्या आधी दोन-तीन मिनिटं श्वास आत घेता त्यापेक्षा लांब बाहेर सोडा, त्यानं हृदयाचे ठोके जरा खाली येतात. झालं, एवढंच, यावर दोन तास घालवू नका.

आता खरी मेख. पहिलं वाक्य.

मी डिस्पॅचला असताना स्टोअरला एक काका होते, मला कायम "भाऊ" म्हणायचे. त्यांच्याकडून पॅकिंगची पट्टी वेळेवर यायची नाही, गाड्या संध्याकाळपर्यंत उभ्या, ट्रान्सपोर्टवाला हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी ठेवल्याचे पैसे, लावायचा आणि बोलणी मी खायचो. एक दिवस मी एका ट्रेनिंगमध्ये शिकलेलं सगळं डोक्यात भरून गेलो. आवाज शांत, चेहरा हसरा, खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही नेहमी डिस्पॅचला मुद्दाम शेवटी ठेवता." काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "बरं साहेब."

भाऊचा साहेब झाला की समजायचं, गेलं. दुसऱ्या दिवसापासून मला खिळासुद्धा दोन सह्यांच्या स्लिपशिवाय मिळाला नाही, आणि हे चार महिने चाललं, कारण काकांचं एकही काम नियमाबाहेरचं नव्हतं, तक्रार करणार कशाची.

चूक कुठं होती ते मला फार उशिरा कळलं. आवाजात नव्हती. "नेहमी" आणि "मुद्दाम" या दोन शब्दांत होती. तो निकाल होता, आणि निकाल ऐकला की समोरचा वकील होतो, मग तो फक्त "नेहमी कुठं, परवा तर वेळेवर दिली" एवढंच शोधत बसतो.

म्हणून आता मी बॅचमध्ये प्रत्येकाला जुन्या चलानाच्या मागं आपलं पहिलं वाक्य लिहायला लावतो आणि एकच प्रश्न विचारतो, मोबाईलवर शूटिंग केलं असतं तर हे दिसलं असतं का? "तुम्ही माझ्याकडं दुर्लक्ष करता" हे शूटिंगमध्ये दिसत नाही. "मी तीन मेल टाकले, एकाचंही उत्तर आलं नाही" हे दिसतं. "तू मला चारचौघांत कमी लेखलं" दिसत नाही, "कालच्या मीटिंगमध्ये मी बोलत होतो तेव्हा तू दोनदा मधात बोलला" हे दिसतं. जे दिसत नाही ते पेनानं काटायचं. पहिल्यांदा लिहिलेल्या वाक्यात बहुतेकांचं काटून काटून काहीच उरत नाही, आणि तोच धडा आहे, कारण म्हणजे आपण इतके दिवस ज्याचा राग करून राहिलो ते नेमकं काय झालं हेच आपल्याला सांगता येत नाहीये.

माझं वाक्य असं पाहिजे होतं: "काका, सोमवारी, मंगळवारी आणि गुरुवारी मी दहाला स्लिप दिली, पट्टी चारनंतर आली." बस.

इथं आणखी एक खड्डा आहे, तो खास आपल्या मराठीतला. पुस्तकी ट्रेनर सांगतात की "तुम्ही असे" म्हणू नका, "मला असं वाटतं" म्हणा. अहो पण मराठीत "मला वाटतं" म्हणजे मतही होतं ना! "मला वाटतं तुम्हाला माज आलाय" हे वाक्य त्या नियमात अगदी फिट्ट बसतं, आणि मी ते एका सज्जन माणसाला रोल-प्लेमध्ये पूर्ण आत्मविश्वासानं म्हणताना ऐकलंय. तेव्हा "मला वाटतं" सोडूनच द्या. थेट सांगा: टेन्शन येतं, धाकधूक होते, रात्री झोप लागत नाही, राग आला. आपल्याकडं बाप्या माणसाला "मला वाईट वाटलं" म्हणायला जीव जातो, पण "टेन्शन येते भाऊ" कुणीही म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही ते पोचतं.

आणि ते सँडविच, म्हणजे आधी कौतुक, मधात तक्रार, शेवटी परत कौतुक, ते कृपा करून हॉलमध्येच ठेवा. नागपूरच्या माणसाला साहेब सकाळी सकाळी गोड बोलायला लागले की लगेच कळतं, आज आपला नंबर आहे. शिवाय पुढच्या वेळी तुम्ही खरंच कौतुक केलं तरी तो बिचारा मधल्या मसाल्याची वाट पाहत राहतो.

वाक्य बोलून झालं की गप्प बसा. ही पहिल्या वाक्याची दुसरी अर्धी बाजू, आणि मी तर म्हणतो की इथं जास्त लोकं पडतात. तीन सेकंद शांतता झाली की आपल्याला सहन होत नाही आणि आपण सुरू होतो, "म्हणजे तसं नाही हो काका, तुमची पण अडचण असेल, जाऊ द्या, मी आपलं सहज म्हटलं." झालं, सगळं धुतलं. मनात दहापर्यंत आकडे मोजा, बूट बघा, काट्यावरची गाडी बघा, पण बोलू नका. खरी माहिती त्या शांततेतच बाहेर येते. चार महिन्यांनी मी काट्याजवळ काकांसमोर ते दिवसवालं वाक्य बोललो आणि गप्प उभा राहिलो, तेव्हा बराच वेळानं ते म्हणाले, "क्यूसीचा शिक्का तीनच्या आधी पडतच नाही, मी काहून अडवू तुमची गाडी?" मला हे माहीतच नव्हतं. पट्टी स्टोअरमध्ये नव्हे, क्यूसीमध्ये, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात, अडकत होती आणि मी चार महिने भलत्याच माणसावर दात खाऊन राहिलो होतो.

समोरचा भडकला तर वाद घालू नका, "उद्या बोलू" म्हणा, आणि उद्या खरंच जा. न गेलात तर तुमचं सगळं बोलणं नाटक ठरतं.

मग मागणी, एकच, छोटी. "सहकार्य करा" ही मागणी नाही, शुभेच्छा आहे. 1979 मध्ये रॉबर्ट कॅरासेक नावाच्या संशोधकानं मांडलं की काम भरपूर आणि ते कसं करायचं हे ठरवणं आपल्या हातात नाही, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त पिळते. म्हणून मागायचं ते आपल्या हातात थोडं काही येईल असं. मी काकांना म्हटलं, उशीर होणार असेल तर अकराला एक फोन करा. पट्टी लवकर येणार नव्हती, पण अकराला कळलं तर मी गाडी दुपारी लावायला सांगू शकत होतो, हॉल्टिंग वाचलं.

साहेबांशी बोलायचं असेल तर हेच सगळं, फक्त वेळ आधी मागून घ्या आणि मागणीच्या जागी दोन पर्याय ठेवा, त्यांना निवडू द्या.

आठ दिवसांनी परत एकदा विचारा, ठरलं तसं चाललंय का. दोनदा बोलूनही फरक नसेल तर मग दोघांच्या साहेबापुढं, दोघंही हजर असताना. मागून नाही. आणि या सगळ्यात झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल, डोक्यात भलतेसलते विचार येत असतील तर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर लावा, फुकट आहे, रात्रीसुद्धा चालू असतो, मराठीत बोलता येतं. तिथं पहिलं वाक्य वगैरे काही जुळवायचं नाही, जसं येईल तसं बोला.

काकांचा अकराचा फोन पहिल्या आठवड्यात आलाच नाही, मी जाऊन आठवण केली. पुढच्या मंगळवारी आला. "भाऊ," म्हणाले, "आज पट्टी नाही."