माणूस असेल त्याच गल्लीत उजेड: ग्रंथालयाच्या रॅक विभागात सेन्सर कसे बसवाल

विद्यापीठ ग्रंथालयाचं वीजबिल कमी करायचं म्हटलं की चर्चा थेट गच्चीवरच्या सोलरवर जाते. आधी रॅक विभागाकडे बघा. तिथं माणूस अधूनमधून फिरकतो, पण सकाळी लावलेल्या ट्यूब रात्री कुलूप लागेपर्यंत जळत असतात.

हिशेब साधा आहे. ३६ वॅटची जुनी ट्यूब चोकसकट साधारण ४५ वॅट खाते. अशा ४० ट्यूब दहा तास जळल्या की १८ युनिट. त्याच जागी २० वॅटच्या एलईडी लावल्या तर ८. आणि हालचाल टिपून दिवा लावणाऱ्या सेन्सरमुळे दोन रॅकमधली प्रत्येक गल्ली दिवसाला दोनच तास उजळली, तर १.६. तुमचा खरा आकडा कळण्यासाठी काम सुरू करण्याआधी आठवडाभर त्या लाइनवर सबमीटर (फक्त तिची वीज मोजणारा वेगळा मीटर) लावून ठेवा. नंतर बचत दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

आता सेन्सर कोणता? बाजारात सहज मिळतो तो पीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर. तो शरीराची उष्णता आणि आजूबाजूचं तापमान यांतला फरक ओळखतो, आणि खानदेशात घोळ होतो तो इथंच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याखालचा किंवा वरच्या मजल्यावरचा हॉल ३७-३८ अंशांवर असतो, आणि सेन्सरला माणूस नीट दिसेनासा होतो. डिसेंबरात बसवून ‘उत्तम चालतंय’ असा शेरा मारलेलं काम एप्रिलात फसतं ते यामुळेच. अशा हॉलमध्ये पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (लहरी सोडून हालचाल ओळखणारा) दोन्ही असलेला सेन्सर घ्या. दोन्हींपैकी एकानेही हालचाल टिपली तर दिवा चालू राहील, असं सेटिंग ठेवा. मात्र मायक्रोवेव्हला काच आणि पातळ पार्टिशनपलीकडचंही दिसतं, फिरता पंखाही दिसतो. म्हणून त्याची रेंज कमी करा आणि पंख्यापासून तो लांब बसवा.

सात फुटी लोखंडी रॅक सेन्सरची नजर अडवतात, त्यामुळे प्रत्येक गल्लीला स्वतंत्र सेन्सर हवा. तो छताला, गल्लीच्या मधोमध बसवा. गल्ली सहा मीटरपेक्षा लांब असेल तर दोन सेन्सर लावून त्यांचे आउटपुट समांतर जोडा; दोन्हींची फेज एकच हवी. हालचाल थांबल्यावर दिवा किती वेळ चालू राहील ते ठरवणारा सेन्सरवरचा वेळेचा स्क्रू तीन ते पाच मिनिटांवर ठेवा. अभ्यासिकेत हीच वेळ ठेवलीत तर परीक्षेच्या काळात तक्रारींचा पाऊस पडेल, कारण वाचणारा हलतच नाही. तिथं वीस मिनिटं ठेवा.

वायरिंगमध्ये एक चूक हमखास होते. सेन्सरवर लिहिलेले ‘१२०० वॅट’ जुन्या बल्बसाठी असतात. एलईडी चालू होताना क्षणभर फार मोठा करंट ओढतात, त्याने सेन्सरमधल्या रिलेचे (आतल्या स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटतात आणि दिवे कायमचे चालू राहतात. एलईडीचं वेगळं रेटिंग बघा. ट्यूब जास्त असतील तर मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त लोड पेलणारा विद्युतचलित स्विच) टाका.

उन्हाळ्यात रॅकजवळ वाळ्याचा कूलर लावायचा मोह होतोच. तो अभ्यासिकेत लावा. पुस्तकांजवळ आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक रॅकवर ठेवलेला बरा.

दिवे कमी वेळ जळायचे असतील तर वाचक थेट योग्य गल्लीत पोचला पाहिजे, आणि ते काम कॅटलॉगचं. कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रतीच्या नोंदीत रॅक क्रमांक भरा, तोच गल्लीच्या तोंडावर लावा. मराठी नोंदी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर आयात करण्यापूर्वी युनिकोडमध्ये बदला. तशाच आत गेल्या तर पडद्यावर चिन्हांचा काला दिसतो. कोहात शोधासाठी झेब्रा हे इंडेक्स इंजिन वापरत असाल तर त्यात आयसीयू (युनिकोड मजकूर नीट हाताळणारी सोय) चालू करून संपूर्ण इंडेक्स पुन्हा बनवा. मग शोधचौकटीत ‘केळी’ टाइप करा. पुस्तकं रॅकवर असून निकाल शून्य आला, तर इंडेक्स अजून नीट झालेला नाही.