माणसं येत नाहीत, आलेली टिकत नाहीत? कारखानदारांनो, या चुका टाळा

चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, गोकुळ शिरगाव... कोणत्याही एमआयडीसीत लहान-मध्यम कारखान्याच्या मालकाशी पाच मिनिटं बोललं की विषय माणसांवर येतो. "ऑपरेटर मिळत नाही हो. फ्लेक्स लावला, फेसबुकवर पैसे घातले, काही उपयोग नाही." त्यावर हल्ली एम्प्लॉयर ब्रँडिंगचा, म्हणजे नोकरीसाठी चांगली कंपनी असं नाव कमावण्याचा, सल्ला मिळतो. मग नवा लोगो येतो, ड्रोनने व्हिडिओ काढला जातो, लिंक्डइनवर दसऱ्याच्या पूजेचे फोटो चढतात. फिटर, टर्नर आणि सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनचे) ऑपरेटर लिंक्डइनवर फारसे नसतातच. नोकरी बघणारा मुलगा आयटीआयच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ टाकतो, "ही कंपनी कशी आहे रे?" तिथे जे उत्तर येतं, तोच तुमचा ब्रँड. ते उत्तर देणारा एक तर तुमच्याकडे कामाला असतो किंवा नुकताच सोडून गेलेला असतो. म्हणून खर्च करण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा.

"जाहिरात सगळीकडे गेली, फोनच येत नाहीत"

जाहिरात एकदा स्वतः वाचा. "सुवर्णसंधी! नामांकित कंपनीत त्वरित भरती. आकर्षक पगार." ना कंपनीचं नाव, ना रक्कम, ना काम. अशा मजकुरामागे बऱ्याचदा ठेकेदार असतो आणि रजिस्ट्रेशनच्या नावाखाली पैसे उकळणारेही हीच भाषा वापरतात. त्यामुळे सरळ व्यवहार करणाऱ्या कंपनीवरही मुलं विश्वास ठेवत नाहीत.

आता हे वाचा: "व्हीएमसी ऑपरेटर, फॅनक कंट्रोल, एक वर्षाचा अनुभव. तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदल. सुट्टी गुरुवारी. हातात १८,८००. ओटी दुप्पट दराने. पीएफ, ईएसआय पहिल्या दिवसापासून. भरती कंपनीच्या रोलवर. कोणतीही फी नाही." (व्हीएमसी म्हणजे संगणकाने चालणारं मिलिंग मशीन, फॅनक हा त्याच्या कंट्रोलचा ब्रँड, ओटी म्हणजे ओव्हरटाइम, ईएसआय म्हणजे कामगार विमा आणि रोलवर म्हणजे ठेकेदारामार्फत नव्हे, थेट कंपनीत.) जाहिरात दिसायला साधी आहे, पण मुलगा फोनवर जे विचारणार होता ते सगळं तिच्यात आहे. नाईट शिफ्ट असेल तर तीही सांगा. लपवली तर तो आठवड्यात जाईल आणि जाताना चार जणांना सांगून जाईल.

"मुलाखतीत हो म्हणतात, जॉइन होत नाहीत"

इथे बहुतेक वेळा पगाराचा आकडा घात करतो. समजा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, २१,००० आहे, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,०००. मालकाचा पीएफ १,८०० आणि ३.२५ टक्क्यांनी ईएसआय ६८३ मिळवले की झाले साधारण २३,५००, आणि मुलाखतीत तोच आकडा सांगितला जातो. प्रत्यक्षात कामगाराच्या वाट्याचे पीएफचे १,८००, ईएसआयचे १५८ आणि व्यवसाय कराचे २०० वजा होऊन हातात येतात १८,८४२. (महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तेव्हा त्यांचा हिशेब वेगळा मांडा.) मुलाने घरी आईला साडेतेवीस हजार सांगितलेले असतात. ऑफर लेटर वाचून तो फोन उचलणं बंद करतो आणि आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना शब्दाची किंमत नाही. शब्द आधी आपण फिरवलेला असतो. हातात किती येणार, कॅन्टीन आणि बसचे किती कापणार, हे मुलाखतीतच कागदावर लिहून द्या.

"पहिल्या महिन्यातच सोडतात"

सगळ्यात जास्त गळती इथे होते आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असतं.

नांदेड, हिंगोली, परभणीकडून आलेला मुलगा पहाटे एसटीतून उतरतो आणि बॅग खांद्याला लावून साडेसहाला गेटवर येतो. सिक्युरिटीच्या यादीत त्याचं नाव नाही. एचआरवाले साडेनऊला येणार. तीन तास तो गेटबाहेर उभा. मग फॉर्म, आधार, पासबुकाची झेरॉक्स. दुपारी सुपरवायझर त्याला लाईनवर सोडतो, "ह्याच्याबरोबर थांब, शिकशील." सेफ्टी शूज मापाचे नाहीत, उद्या बघू. जेवणाचं कुपन कुठून घ्यायचं ते कुणी सांगितलेलं नाही. रात्री झोपायचं कुठे, हाही प्रश्न तसाच. असा मुलगा चौथ्या दिवशी गेला, तर दोष त्याचा कसा?

याला पैसे फारसे लागत नाहीत. गेटवर आदल्या दिवशी नाव द्या. बूट-हेल्मेटचं माप फोनवरच विचारून ठेवा. त्याच्याच भागातला एखादा जुना कामगार पहिला आठवडा त्याच्यासोबत जेवायला बसेल असं बघा. आणि राहण्याचं बघा. कॉट बेसिसवरच्या (खोलीऐवजी फक्त एका खाटेचं भाडं घेणाऱ्या) चार खोल्या आणि दोन मेसचे नंबर एचआरकडे असलेच पाहिजेत. डिपॉझिट भरायला पहिल्या महिन्यात उचल देता आली तर फारच चांगलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढला तेव्हा सोबत वसाहतही वसवली. त्या माळावर माणूस राहणार कुठे, हा प्रश्न त्यांनी कारखान्याचाच मानला. आपल्याला वसाहत बांधायची नाही, निदान रूम शोधून द्यायला तरी हरकत नाही.

"तयार झालेले ऑपरेटर हजार रुपयांसाठी जातात"

हजार रुपये हे सांगायचं कारण. आत डोकावलं तर दोन गोष्टी वारंवार सापडतात. एक म्हणजे नवा माणूस बाजारभावाने जास्त पगारावर आलेला असतो आणि त्याला काम शिकवणारा तीन वर्षांचा जुना माणूस कमी पगारावर असतो. लाईनवर कुणाचा पगार लपत नाही. नवी भरती करताना जुन्यांचे पगार त्याच दिवशी तपासा. दुसरी गोष्ट म्हणजे सुपरवायझर. चांगला फिटर म्हणून बढती मिळालेला, पण माणसांशी कसं बोलावं हे कुणी न शिकवलेला. सगळ्यांसमोर शिवी देणारा एक सुपरवायझर तुमच्या वर्षभराच्या जाहिरातींवर पाणी फिरवतो. कोणत्या सेक्शनमधून जास्त लोक जातात ते लिहून काढलं की तो सापडतो. 'आम्ही एक कुटुंब आहोत' ही पाटी लावून कॉन्ट्रॅक्टवाल्यांना वेगळ्या पंगतीत बसवत असाल, तर पाटी काढलेली बरी.

अप्रेंटिस म्हणजे स्वस्त हात नव्हेत

तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) घेणं बंधनकारक आहे. त्यांना वर्षभर फक्त डीबरिंगला (तयार पार्टच्या धारदार कडा घासायला) बसवलं, तर पुढची बॅच तुमचं नाव ऐकूनच दुसरीकडे जाते.

"सोडून गेल्यावर गूगलवर वाईट लिहितात"

आधी हिशेब तपासा. फुल अँड फायनलसाठी (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबासाठी) दोन-दोन महिने चकरा मारायला लावणं, अनुभवपत्र अडवणं, मूळ मार्कशीट कपाटात ठेवून घेणं, हे माणूस टिकवण्याचे उपाय नव्हेत, हा अन्याय आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या. त्यानुसार नोकरी सोडणाऱ्याचं देणं असलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. महिन्याचा पगारही पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. पीएफ १५ तारखेपर्यंत भरला नाही तर तेही लपत नाही, कामगार मोबाइलवर पासबुक बघतो.

एचआरला बसवून पाच-पाच स्टार लिहून घेऊ नका. एकाच दिवशी आलेले, एकाच भाषेतले दहा रिव्ह्यू कुणालाही ओळखू येतात. तक्रार खरी असेल तर तिच्याखाली काय दुरुस्त केलं ते तारखेसह लिहा. आणि जाणाऱ्याला कारण शेवटच्या दिवशी विचारू नका. अनुभवपत्र हातात पडेपर्यंत तो "घरची अडचण" एवढंच सांगणार. तीन महिन्यांनी त्याला फोन करा, तोही त्याच्या सुपरवायझरने नव्हे. तीन प्रश्न पुरेत: कशामुळे गेलास, तिथे काय बरं आहे, आणि तुझ्या धाकट्या भावाला इथे पाठवशील का?