ऐपतीबाहेरचा आहेर आला तर

घरकामाच्या मावशींनी तुमच्या मुलीच्या लग्नात येवल्याची पैठणी पुढे केली, तर आधी ती घ्या. "अहो, एवढं कशाला!" इतपत ठीक. पण मांडवात परत करणं म्हणजे चारचौघांत त्यांचा पाणउतारा. हातमागावरची पैठणी विणायला कित्येक आठवडे लागतात, किंमत हजारांत जाते. हे ठाऊक असूनही त्यांनी आणली. म्हणून किंमत विचारू नका. तिथेच घडी उलगडून पदर मुलीच्या खांद्यावर टाका आणि तिला वाकून नमस्कार करायला लावा.

परतफेड म्हणून दुसऱ्या दिवशी पाकीट हातात ठेवू नका, हिशेब मिटवल्यासारखं वाटतं. देण्याघेण्याला आपल्याकडे निमित्तं काय कमी आहेत? दिवाळीचा बोनस वाढवून द्या, जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उचला, त्यांच्या घरच्या कार्याला सराफ बाजारातून चांदीची वस्तू न्या. मला चांदी सर्वांत बरी वाटते. मान राहतो आणि अडीनडीला मोडताही येते.

उसनवारी करून घेतल्याची शंका आली, तर एकट्यात विचारा: "मावशी, दुकानाचं काही देणं राहिलंय का? मला सांगा, व्याजाने पैसे काढू नका."

धाकटीच्या लग्नाआधी मात्र आपणच हक्काने मागून ठेवा: "तुमच्या हातच्या नागलीच्या पापडांशिवाय रुखवत पुरं होणार नाही." नागली तेवढी आपण नेऊन द्या.